शेजारची खाट

आईला सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारबांना त्यांचा मुलगा सोडून गेला तो फिरकलाच नव्हता. दुपारचं फुकट जेवण आलं, पण हात थरथरत असल्यानं त्यांचं ताट तसंच पडून राहिलं.

"आजोबा, तुमचं कोणी नाही का?" मी विचारलं.

"सरकार आहे की," ते म्हणाले.

समोरची बाई नवऱ्याला भरवून उठली आणि त्यांच्यापाशी बसली. "सरकारनं भात दिला, बाबा. आता आ करा."

मुलाची जबाबदारी कुठे संपते, सरकारची कुठे सुरू होते, याचा विचार करायचंही त्राण माझ्यात नव्हतं. आईचं करूनच मी थकले होते. दुसऱ्या दिवशी ती बाई नवऱ्याला घेऊन घरी गेली. जेवणाची ताटं आली, तेव्हा सगळा वॉर्ड माझ्याकडे बघत होता. मी उठले.