सावंतकाकांनी आज मला बाबांच्या नावाने हाक मारली

मंडळी, आत्ताच मुलुंडहून घरी आले. राहवत नाही म्हणून लिहितेय.

माझे बाबा फौजेतून सुटले आणि मुलुंडला राहिले. पन्नासच्या दशकात त्यांनी आणि आसपासच्या कोकणी फौजींनी मिळून माजी सैनिकांचं मंडळ काढलं. नुसती पत्र्याची शेड होती. पण वस्तीत मयताला खांदा द्यायला, आग विझवायला, एखाद्या जवानाच्या विधवेला आधार द्यायला हीच माणसं आधी धावायची.

घरी बाबा एकदम गप्प. रविवारी मात्र शेडमधून त्यांचं हसणं आमच्या गॅलरीपर्यंत यायचं. मला वाटायचं, हे हसणं आमच्या वाट्याला का नाही?

मंडळातले सावंतकाका तेवढे उरलेत, शंभरीला टेकलेले. आज त्यांना भेटायला गेले. सून म्हणाली, "ताई, ते हल्ली कुणाला ओळखत नाहीत हं."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "वामन्या! इतको उशीर कित्याक केलंस रे?"

वामन म्हणजे माझे बाबा. माझा चेहरा त्यांच्यावरच गेलाय. मी म्हटलं, "झालो खरो उशीर."

"बस. सांग, आज काय केल्यान तुझ्या चेडवान?"

चेडू म्हणजे मुलगी. बाबांना मी एकटीच.

माझी लहानपणची एक खोडी आठवली. कसंबसं म्हटलं, "माझे बूट घालून शाळेत गेलां."

काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

तुमच्या घरातलं गप्प माणूस बाहेर तुमच्याबद्दल काय बोलायचं, तुम्हाला कधी कळलं का हो?