अंगठीवरची वाफ

चाकूरच्या बसस्थानकामागे मन्मथअप्पांची पिठाची गिरणी आहे. एक दळायचं यंत्र, एक मिरची कुटायचं, आणि बसायला लोखंडी खुर्ची. दळण घेऊन येणाऱ्या बाया त्यांना ‘हिरेवाले अप्पा’ म्हणत, कारण गिरणी टाकण्याआधी त्यांची उभी उमर सुरतेत हिरे घासण्यात गेली होती. मंदी आली, कारखान्यात हिरे घासायच्या चकत्या एकेक करून थांबल्या, तेव्हा बायको महानंदा आणि मुलगी तनुजा यांना घेऊन ते गावी परतले.

“हिरं सरलं, आता जोंधळं घासा,” असं कोणी म्हणालं की अप्पा हसून पिठाचा डबा पुढे सरकवत. ते हसू वरवरचं होतं. आपण तिकडे काय होतो हे या गावात कोणालाच ठाऊक नाही, ही रुखरुख त्यांच्या मनात कायम असे.

ते तळिया घासत. गोल हिऱ्याच्या वरच्या भागाला कारखान्यात मथाळा म्हणतात आणि खालच्या, निमुळत्या होत गेलेल्या भागाला तळिया. दोन्ही मिळून सत्तावन्न पैलू. लोक मथाळ्याकडे पाहतात, चमक मात्र तळियावर अवलंबून असते. हे सांगायला त्यांना फार आवडे, आणि कोणी विचारण्याची ते वाट पाहत नसत.

“विहिरीत बुडी मारून, डोळं उघडून, कधी तिरकं वर बघितलंय का?” ते सुरू करत. “पाण्याचा वरचा पापुद्रा आरशावाणी दिसतो. आतला उजेड तिरका आला की त्याला धडकून माघारी फिरतो, भाईर पडत न्हाई. हिऱ्यात तसंच, पण उलटं. उजेड वरून शिरतो, तळियाच्या एका उताराला धडकतो, मग समोरच्या उताराला, अन् वर निघून येतो. येताना फुटतो, म्हणून रंग दिसतात. उतार जरा चपटा राहिला की उजेड खालून गळाला. जरा खोल गेला की मधी काळं पडलं. ते सगळं ह्या हातात.”

“हाव,” समोरची बाई म्हणे. “पण अप्पा, मागच्या बारीला भरड आलं होतं. जरा बारीक दळा.”

तनुजाचं लग्न ठरलं ते देगलूरच्या अमरनाथशी. मुलगा विजेच्या खात्यात लाइनमन. वडील ईश्वरप्पा एसटीत वाहक होते, ते वारलेले. घरात आई, शांतम्मा; तो तिला अव्वा म्हणे. माणसं साधी, देण्याघेण्याचा विषयही त्यांनी काढला नाही. शांतम्मांनी एकच सांगितलं होतं, “सुनंच्या बोटात मी माझ्या बोटातली अंगठी घालीन. तिच्या सासऱ्यानं मला हैदराबादहून आणलेली हाय. हिऱ्याची.”

साखरपुडा चाकूरला अप्पांच्या दारात झाला. मांडवात गल्लीतली माणसं दाटीवाटीनं बसली होती. शांतम्मांनी अंगठी काढली तेव्हा ती सहज निघेना. बोटाला तेल लावावं लागलं. निघाली तसा बोटावर एक पांढरट खोल वळ राहिला. अंगठी पुसून त्यांनी कुंकवाच्या ताटात ठेवली. तनुजानं हात पुढे केला.

महानंदाचे भाऊ किशनराव तोंडाचे मोकळे. त्यांनी ताट अप्पांसमोर धरलं. “दाजी, आधी तुमी बघा की. हितं तुमच्याशिवाय हिरा कुणाला कळतो?”

अंगठी कपाळाला लावून परत ताटात ठेवायची, एवढंच करायचं होतं. अप्पांनी ती उचलली, डोळ्याजवळ नेली, आणि कारखान्यात करत तसा तोंड उघडून तिच्यावर दम टाकला. खऱ्या हिऱ्यावर वाफ टिकत नाही. हिरा ऊब धरून ठेवत नाही. पापणी लवायच्या आत तो पुन्हा स्वच्छ होतो.

वाफ राहिली. हळूहळू कडेकडून विरत गेली.

अप्पांनी मान वर केली. जीभ त्यांनी आवरली असती, पण चेहरा आवरायला वेळ मिळाला नाही, आणि शांतम्मा त्यांच्या चेहऱ्याकडेच पाहत होत्या.

“कसा हाय?” किशनराव म्हणाले.

“चांगला हाय,” अप्पा म्हणाले. म्हणायला उशीर झाला होता.

“द्या हिकडं,” शांतम्मांनी हात पुढे केला. आवाज शांत होता. “पोरीच्या बोटाला ढिली हुईल. बारीक करून आणते.” आणि अंगठी त्यांनी परत आपल्या त्या वळावर चढवली. तनुजाचा हात तसाच पुढे राहिला होता. मग तिनं तो हळूच पदराखाली घेतला. पुढे साडी, नारळ, साखर सगळं रीतीनं झालं. देगलूरची मंडळी जेवून, निरोप घेऊन गेली.

रात्रीची भांडी आवरताना महानंदा म्हणाली, “इहिणीच्या दागिन्यावर कुणी असं हा हा करतं? मिरची हाय का ती, झणझणीत हाय का न्हाई बघायला?”

“हाताची सवय हाय गं. ध्यानात आलं न्हाई.”

“सवय न्हाई, पप्पा,” आतून तनुजा म्हणाली. ती सुरतेत वाढलेली. घरात फारसं चढ्या आवाजात बोलत नसे, तेव्हाही बोलली नाही. “मामानं म्हटलं तवा तुमची मान कशी वर झाली ते मी बघितलं.”

ती म्हणत होती ते खरं होतं. सवय होतीच, पण सवयीच्या आधी काहीतरी घडलं होतं. सगळा मांडव आपल्याकडे बघतोय, आज यांना कळेल, असा एक गोड विचार अंगठी उचलता उचलता मनातून गेला होता. आता तो आठवला की कानशिलं गरम होत. खड्याचं त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, महानंदालासुद्धा नाही.

पण अप्पांचा तो चेहरा शांतम्मांबरोबर अख्ख्या मांडवानं पाहिला होता. आठवडा गेला नाही तोच गिरणीत बाया बोलू लागल्या. “अप्पा, तुमचा डोळा म्हंजे डोळा हाय. इहिणीनं काच आणली अन् तुमी एका दमात धरली म्हणं.”

इतक्या वर्षांत गावानं पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्याचं कौतुक केलं. पहिल्या वेळी तर अप्पांना, अगदी क्षणभर, बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की त्यांनी यंत्राचा खटका दाबला. गिरणीच्या आवाजात बोलणं बुडालं. त्यांनी नाही म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही. त्यांच्या गप्प राहण्यानं लोकांची खात्रीच झाली.

एके दिवशी तनुजा फोन ठेवून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. “अमरनाथ म्हणत होते, अव्वा नीट जेवत न्हाईत. दारात बसून बोट बघून राहतात.” एवढं बोलून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी गिरणीला कुलूप घातलं, उदगीरला गाडी बदलली आणि देगलूर गाठलं. अमरनाथ कामावर गेला होता. शांतम्मा पडवीत तुरीची डाळ पाखडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पाण्याचा तांब्या दिला, ताक दिलं, आणि समोर बसल्या.

“बोला इवाई.”

“चुकलं माझं. तेवढं म्हणायला आलो.”

“काय चुकलं? दम टाकला ते, का कळलं ते?”

अप्पांनी ताकाचा पेला खाली ठेवला.

“हितल्या सोनाराकडं न्हेली न्हाई मी,” शांतम्मा म्हणाल्या. “सकाळी न्हेली तर सांजंला गल्लीभर हुईल. तवा तुमीच सांगा. खोटं सांगून मला खूश करायला आला असाल तर ताक पिऊन जावा.”

येताना अख्खी वाट अप्पांनी खोटंच घोळवलं होतं. त्या दिवशी हवेत दमटपणा होता, अंगठीला तेल लागलं होतं, म्हणून वाफ राहिली, असं सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. आता या बाईसमोर ते ओठावर येईना.

“हिरा चांगला घासलेला असला,” ते म्हणाले, “अन् साफ असला, तर त्याच्या पोटातून खालचं काही दिसत न्हाई. उजेड खाली जातच न्हाई, सगळा वर फिरतो. काचंला तेवढा जोर न्हाई. घाट तोच पाडला तरी काचंतला उजेड खालून गळतो.”

शांतम्मा उठल्या. अंगठी निघाली नाही म्हणून बोटातच ठेवून त्यांनी ती साबणानं घासून धुतली, पदरानं कोरडी केली आणि दारातल्या उन्हात हात धरला. मूठ इकडे कलवली, तिकडे कलवली. अप्पा जागचे हलले नाहीत.

“माझं बोट दिसून राहिलं,” त्या म्हणाल्या.

थोड्या वेळानं त्या परत म्हणाल्या, “पहिल्यापासून दिसायचं. मला वाटायचं, केवढा निर्मळ हिरा हाय, पाण्यावाणी.”

त्या येऊन बसल्या. सूप मांडीवर घेतलं, पण पाखडलं नाही. “ते फसले, का त्यांनी मला फसवलं?”

“फसलेच असतील. तसल्या बाजारात—”

“तुमी होता का त्या दुकानात?”

“न्हाई.”

“मग कशाला बोलता?”

डाळीत एक चिमणी येऊन बसली; शांतम्मांनी तिला हाकललं नाही.

“लगीन हाय तसं हुईल,” शेवटी त्या म्हणाल्या. “पोरांनी काय केलंय? पण ही मी सुनंच्या बोटात घालणार न्हाई. काच हाय ठाऊक असून घालणं मला जमायचं न्हाई. अन् अमरनाथला सांगू नका. बापाला तो लई मानतो. तुमच्या चाकुरातलं बोलणं हितवर आलंय. परवा त्याला कुणीतरी इचारलं, तुझ्या बापानं काच दिली का म्हणून. इचारणाऱ्याची कॉलर धरून आला.”

हे आपल्या त्या एका दमातून झालं आहे, हे अप्पांना कळत होतं. खाली मान घालून ते म्हणाले, “त्याचं मी बघतो.”

लग्न देगलूरच्या एका मंगल कार्यालयात लागलं. जेवणाच्या पंगती बसल्या. अमरनाथ आणि तनुजा घास भरवायला मधल्या रांगेत बसले होते. शांतम्मा स्वतः बुंदी वाढत फिरत होत्या. वाढताना अंगठीचा हात भांड्याखाली राहील असं धरत होत्या. अप्पा पाण्याचा जग घेऊन चाकूरच्या पाहुण्यांकडे पाहत होते.

“दाजी,” किशनराव पानावरून ओरडले, “आता लगीन लागलं. आता तरी सांगून टाका. काच का हिरा?”

हसू आलं ते अर्ध्या पंगतीपुरतं. बाकीची पंगत थांबली. अमरनाथनं हातातला घास पानात ठेवला. शांतम्मा बुंदीचं भांडं धरून आहेत तिथंच उभ्या राहिल्या.

सुरतेत अप्पांनी पुष्कळ वाईट दिवस पाहिले होते, पण वाईट दगडाला चांगला असं कधी म्हटलं नव्हतं. शेठ म्हणाला तरी नाही. त्यांनी जग खाली ठेवला.

“हिरा हाय,” ते म्हणाले. “चोख हाय. दम टाकला तवा वाफ लगेच उडाली. इहीनबाईच्या अंगठीवर मी दम टाकला, चार माणसांत मला लई कळतं ते दाखवायला. अन् मग माझीच मला लाज वाटली, म्हणून तोंड उतरलं. तुमी त्याचं काच केलं, अन् मी गप राहिलो. अंगठी माघारी गेली ती माझ्या आगाऊपणापायी. चूक माझी हाय.”

त्यातलं अर्धं खरं होतं, आणि ते अर्धं बोलतानाच त्यांचा आवाज लटपटला. त्यामुळे उरलेलं अर्धंही लोकांना खरं वाटलं.

“च्यायला,” किशनराव म्हणाले, “म्हंजे एवढी वर्षं सुरतेत राहून फुकाचा कारभार.”

आता मात्र सगळी पंगत हसली. अमरनाथचे खांदे सैल झाले. त्यानं पुन्हा घास उचलला. तनुजानं बापाकडे एकदा पाहिलं आणि नजर पानाकडे वळवली. मी म्हणत होते तेच होतं ना, असं त्या नजरेत होतं. शांतम्मांनी भांडं दुसऱ्या हातात घेतलं आणि अंगठीच्या हातानं बुंदी वाढत त्या पुढे निघाल्या. अप्पांजवळून जाताना त्या थांबल्या नाहीत. अप्पांनीही त्यांच्या हाताकडे पाहिलं नाही.

चाकुरात आता त्यांना कोणी हिरेवाले म्हणत नाही. किशनरावांनी ‘दमवाले’ काढलं, आणि तेच रुळलं. बाया कधी कधी पिठाचा डबा पुढे करून म्हणतात, “अप्पा, ह्याच्यावर दम टाकून बघा, जोंधळा खरा हाय का.” ते हसतात. विहिरीतल्या उजेडाची गोष्ट ते आता कोणाला सांगत नाहीत.

पंचमीला तनुजा माहेरी आली. तिला अंगानं आणि मनानं सुख लागलेलं दिसत होतं. आईचं दळण आणायला ती गिरणीत आली, खुर्चीवर बसली, थोडा वेळ यंत्र बघत राहिली.

“अव्वा माया लई करतात,” ती म्हणाली. “पण अंगठी अजून दिली न्हाई त्यांनी. बारीक करायलाबी टाकली न्हाई. त्यांच्या मनातून जात न्हाई, पप्पा, तुमी केलेलं.”

“हाव,” अप्पा म्हणाले.

“एकदा नीट माफी मागा की त्यांची.”

“मागतो,” ते म्हणाले, आणि तिच्या डब्याचं झाकण लावता लावता, पीठ नीट बारीक आलंय का ते बोटानं चाचपून पाहिलं.