शिडीवाली कशातली?

तिला सगळे कवळीताई म्हणायचे, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. कामच तसं. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाचे साचे लॅबमध्ये यायचे, त्यात प्लास्टर ओतायचं, मेणात दात बसवायचे, घासायचे, चकाकवायचे. दिवसभर दुसऱ्याच्या तोंडाबरहुकूम हात चालवायचा. आपल्या मनाने एखादा दात जरा देखणा बसवावा म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक गाल धरून दारात हजर. म्हणून घरी आली की ती हात धुवायची आणि कागद पुढ्यात ओढायची. तिथे कुणाच्या बापाचं ऐकायचं कारण नव्हतं.

निदान तिला तसं वाटायचं. मग ती हौशी चित्रकारांच्या ग्रुपमध्ये गेली.

मंडळी तशी गोड. रोज फोनवर चित्रं टाकायची, आणि अधूनमधून वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमायची. ग्रुप चालवणारे एक मास्तर, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. एक औषधांच्या दुकानाचा मालक, त्याला सगळे औषधवाला म्हणायचे. हा गृहस्थ वर्षानुवर्षं एकच तलवारवाला पोरगा काढत आला होता, टीव्हीवरच्या मालिकेतला, दर वेळी वाऱ्याची दिशा तेवढी वेगळी. बाकीच्यांचंही तेच. सिनेमातल्या राजकन्या, व्हिडिओ गेममधले राक्षस. फॅन आर्ट म्हणतात त्याला. त्यात वाईट काही नाही हो, आवडतं ते माणूस काढणारच. पण त्यामुळे एक खोड लागली होती. कुणी काहीही काढून टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला, "ही कशातली?"

कवळीताईने टाकली ती शिडीवाली. खांद्यावर लाकडी शिडी, पदराला बांधलेले बल्ब, कमरेत एका बाजूला झुकून चालणारी जाडजूड बाई, शहरभर फिरत बंद पडलेले दिवे बदलणारी. आता ही कोण, ते सांगून टाकते. ती कवळीताईची आई. मोठ्या इमारतीचे जिने पुसायची, मजल्यांवरचे दिवे बदलायची. एकदा शिडीवरून पडली, कंबर वाकडी झाली ती कायमची. पण दुसऱ्याच आठवड्यात शिडी परत खांद्यावर. इतकी वर्षं काम केलं, पण तिथल्या एकाही माणसाला तिचं नाव ठाऊक नव्हतं. "ए शिडीवाली" म्हणूनच हाक मारायचे. ती गेली त्या वर्षी कवळीताईने तिला कागदावर उतरवलं.

"ही कशातली?" ग्रुपने विचारलं.

"माझीच," तिने लिहिलं.

संपलं. दोन अंगठे आले, त्यातला एक तिच्या धाकट्या बहिणीचा, तीही ग्रुपमध्ये होती. मास्तरांनी "प्रयत्न छान" असं लिहिलं, लहान मुलाच्या डोक्यावरून हात फिरवावा तसं.

कवळीताईचं डोकं सणकलं. पुढच्या खेपेला शिडीवालीचं दुसरं चित्र टाकताना तिने खाली ठोकून दिलं: जुन्या परदेशी मालिकेतली आहे, तुम्ही लहान असाल तेव्हा लागायची.

आणि काय सांगावं! अर्ध्या तासात ग्रुप जागा. "अरे हो, आठवली!" "रविवारी लागायची ना?" औषधवाल्याने तर हद्द केली. त्याला म्हणे मालिकेचं सुरुवातीचं संगीतही आठवत होतं, आणि त्याने ते गुणगुणून, रेकॉर्ड करून पाठवलं. मुळात नसलेल्या मालिकेचं! त्या संध्याकाळी धाकटी ताईकडे आली होती. दोघी बहिणींनी ते गुणगुणणं पुन्हा पुन्हा लावलं आणि पोट धरून हसल्या.

"सांगू नकोस हं इतक्यात कुणाला," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "कसली मजा येतेय!"

ताईने सांगितलं नाही. तिथेच तिने आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

कारण मग सगळेच शिडीवाली काढायला लागले, आणि सगळ्यांत झकास काढली धाकटीने. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायची, गिऱ्हाईक नसलं की फोनवर बोटाने चित्रं काढायची. हात चांगला होता, नाही कशाला म्हणा. तिने शिडीवालीला बारीक केलं, तरुण केलं, केस उडवले आणि कंबर सरळ केली. ती शिडीवाली ग्रुपच्या बाहेर गेली. अनोळखी लोक धाकटीला "आणखी काढा" म्हणून मागे लागले. शाळेच्या पोरांच्या दप्तरांवर तिचे स्टिकर दिसायला लागले. कवळीताईला आधी कौतुकच वाटलं. आपली आई कुठे कुठे फिरतेय, असं म्हणायची.

एकदा औषधवाल्याने तिच्याच चित्राखाली लिहिलं, "कवळीताई, कंबर जरा चुकलीय तुमची. धाकटीची बघा, मालिकेत अगदी तशीच होती." ते वाचून मात्र तिला हसू आलं नाही. तिने धाकटीला फोन केला.

"अगं, आता सांगून टाकू या. बास झालं."

"सांगू गं," धाकटी म्हणाली. "प्रदर्शनात सांगू. सगळे असतील तिथे."

प्रदर्शन वाचनालयातच. मास्तरांनी दोन भिंती केल्या होत्या, एक फॅन आर्टची, एक स्वतःच्या कल्पनेतल्या चित्रांची. ही दुसरी भिंत जवळजवळ मोकळी होती. तिथेच कवळीताईला आपलं चित्र लावायचं होतं. मोठ्या कागदावर महिनाभर खपून काढलं होतं, आणि खाली चिठ्ठी डकवली होती: शिडीवाली, म्हणजे आमची आई. त्याखाली आईचं नाव, पूर्ण. बास, एवढंच हवं होतं तिला. एकदा त्या बाईचं नाव भिंतीवर लागावं.

मास्तरांनी चित्र बघितलं आणि चष्मा वर केला. "हे या भिंतीवर नाही चालणार, ताई. हे फॅन आर्ट."

"नाही हो मास्तर, ही माझीच. मालिका वगैरे काही नाही. मी थाप मारली होती."

खोलीत सगळे बघायला लागले. औषधवाल्याचा चेहरा लालबुंद झाला. "थाप कशी? मला चाल पाठ आहे तिची!"

"ती तुम्ही रचलीत!"

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

आता बोला. कुणालाच मान्य करायचं नव्हतं. आठवलं म्हणणारे सगळेच होते ना! जो तो दुसऱ्याकडे बघून मान हलवायला लागला, आणि एकजण पुटपुटला की धाकट्या बहिणीचं नाव झालं ते हिला बघवत नाहीये.

"धाकटीला विचारा," कवळीताई म्हणाली. तिला जराही धाकधूक नव्हती. एका पोटच्या दोघी, एका ताटात जेवलेल्या. "तिला पहिल्या दिवसापासून सगळं माहितीये. सांग गं."

धाकटी आपल्या चित्रापाशी उभी होती. भोवती दोन पोरी, सही घ्यायला आलेल्या. तिने ताईकडे बघितलं, मग त्या पोरींकडे.

"ताई, असं काय करतेस?" ती हसून म्हणाली. "तूच तर सांगितलंस ना मालिकेतली आहे म्हणून? आणि होतीच की मालिका. मी आणि आई मिळून बघायचो."

मी आणि आई मिळून बघायचो! अहो, मेलेल्या आईला खोटी साक्ष द्यायला उभं केलं त्या पोरीने. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. कवळीताई चिठ्ठीकडे बोट दाखवत राहिली, तर मास्तरांनी तीच अलगद सोडवून तिच्या हातात दिली. "आईवरचं प्रेम समजतो मी," ते म्हणाले, "पण दुसऱ्याची निर्मिती आपली म्हणू नये." मग त्यांनी तिचं चित्र फॅन आर्टच्या भिंतीवर लावलं, धाकटीच्या चित्राच्या खाली. तिने ते उतरवलं, गुंडाळलं आणि जिना उतरून गेली. कुणी थांबवलं नाही.

पुढे बरेच दिवस दोघींचं बोलणं नव्हतं. मग एका दुपारी धाकटी लॅबमध्येच आली. दारात उभी राहिली, ओढणीशी चाळा करत. कवळीताईच्या हातात अर्धी घासलेली कवळी होती. तिने मशीन बंद केलं. इतकं होऊनही तिला वाटलं, आली माफी मागायला. आतून जीव हललाच तिचा.

"रागावलीयेस ना?" धाकटी म्हणाली. "मला तसं बोलायचं नव्हतं गं. सगळ्यांसमोर मी तुझी नक्कल करणारी ठरले असते. तुला काय, तू काहीही नवीन काढशील."

"बरं."

"एक विचारायचं होतं." धाकटी जरा पुढे आली. "लोक सारखे मागे लागलेत, आता पुढे काय म्हणून. मला काही सुचतच नाहीये. शिडीवाली आता काय करेल गं, ताई? तुला माहीत असेल."

कवळीताईने तिच्याकडे नीट बघितलं. तोंडावळा आईचाच होता.

"मला कसं माहीत असणार?" ती म्हणाली. "मालिकेत बघ की. तू आणि आई मिळून बघायचात ना?"

धाकटी आली तशी निघून गेली. कवळीताईने मशीन चालू केलं, कवळी हातात घेतली, आणि लगेच मशीन बंद केलं. तिला समोरचं काही दिसत नव्हतं.