इंद्रजीतशेठचा सत्कार

धायरीत आमच्या खालच्या खोलीत राहणाऱ्या मैनाची केस मला तोंडपाठ झाली होती. लोकांच्या भानगडींत नाक खुपसू नकोस, असं माझ्या मुली मला सांगतात. पण घटस्फोटानंतर कोर्टाने पोटगी ठरवून दिलेला नवरा मार्केट यार्डात राजरोस गाळ्यावर बसतो आणि तरी कोणाला सापडत नाही, हे कसं काय? मला चैन पडेना.

वसुलीचं वॉरंट घेऊन हवालदार शकील गाळ्यावर जायचे. तिथे बसलेला माणूस सांगायचा, "इंद्रजीतशेठ गावी गेलेत. मी दिवाणजी." तोच इंद्रजीत! हवालदारांनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. मैना बरोबर गेली, की तिला लांबूनच बघून शेठ मागच्या मागे पसार. इकडे पोळ्या लाटून तिचं भाडं निघेना आणि घरमालकाने महिनाअखेर खोली सोडायला सांगितलेलं.

"मग आता गं?" मी विचारलं.

"काकू, त्यो पोलिसाला भीत न्हाई. पण मान मिळतोय म्हटलं की पळत येतोय."

त्याच आठवड्यात तिच्या मामेबहिणीचं लग्न होतं, सिंहगड रस्त्यावरच्या एका लॉन्सवर. मुलाकडचे व्यापारातले, म्हणजे इंद्रजीत येणारच. मीही गेले. आमंत्रण नव्हतं, पण आग्रह झाला असं मी धरून चालले.

आमच्याकडे अक्षता पडायच्या आधी तासभर सत्कार चालतात. नवरा-नवरी घामाघूम, आणि निवेदक एकेका पाहुण्याला फेटा बांधायला बोलावतोय. मैना त्याच्या कानात काहीतरी सांगून आली आणि मागच्या रांगेत, पदर पुढे ओढून माझ्या शेजारी बसली.

"मार्केट यार्डातील सुप्रसिद्ध आडते, दानशूर व्यक्तिमत्त्व, श्री. इंद्रजीत नागोराव जगदाळे यांनी व्यासपीठावर यावं!"

कडक इस्त्रीतला इंद्रजीत हात जोडत, वाट काढत वर गेला. फेटा झाला, फोटो झाला. पायऱ्या उतरताना, मैनाने आधीच बोलावून ठेवलेले साध्या कपड्यांतले शकील पुढे झाले.

"काय दिवाणजी, शेठ आले वाटतं गावाहून?"

नाही म्हणायची सोय नव्हती. अख्ख्या मांडवाने त्याचं नाव ऐकलं होतं. शकील त्याला फेट्यासकट घेऊन गेले, आणि खरं सांगते, मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने कोर्टात सगळी थकबाकी भरली. खोली वाचली. मी पेढे घेऊन खाली गेले, तर मैना पदराने डोळे पुसत होती.

"अगं, आता का रडतेस?"

"माझ्या हक्काचं घ्यायला बी, काकू, त्याला दानशूर म्हणायला लागलं."