दाजींनी काढलेली काच

आमच्या दाजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, बाजारात ‘गारवा’ म्हणतात. स्वभाव शांत म्हणून नव्हे. शांतपणाशी त्यांचं वाकडंच आहे. प्रोजेक्टर दुरुस्त करताना त्यांचा एकच मंत्र असायचा, “चिप गार ठेवा.” या चिपवर लाखो बारीक आरसे असतात आणि एकेक आरसा म्हणजे पडद्यावरचा एकेक ठिपका. आरसा हलायचा थांबला की तो ठिपका कायमचा पांढरा नाहीतर काळा. चिपच्या पाठीला तापमापक लावायचा, आकडा हद्दीबाहेर गेला की गिऱ्हाइकाचा बाप काढायचा, ही दाजींची पद्धत.

ताई एका मोठ्या सभागृहात प्रोजेक्टर चालवायची. वर्षानुवर्षं हंगामी. पंखा रोज पुसायची, मशीनला लेकरासारखं जपायची. शेवटी व्यवस्थापक म्हणाले, “कार्यकारिणी खेळ बघायला येतेय. चित्र झकास दिसलं की तुमची नोकरी कायम.” त्या दिवशी ताई घरी आली ती गुणगुणतच.

दाजींना वेगळंच सुचलं. सभागृहाची सगळी दुरुस्ती आपल्याकडे यावी म्हणून त्यांनी जास्त ताकदीचा दिवा बसवला आणि दिव्यापुढची अतिनील किरणं अडवणारी काच काढून टाकली. उजेड अजून वाढावा म्हणून. ताई तिकीटखिडकीवर असताना हे उरकलं. मग मागे दणकट पंखा लावला, तापमापक बघितला आणि तिला बोलावलं. “हात लावून बघ. बर्फ! आता कोण काय वाकडं करतंय?”

खेळाच्या दिवशी पडदा नुसता लखलखला. टाळ्या पडल्या. दाजींना दुरुस्तीचं काम तिथल्या तिथे मिळालं. ताईच्या पत्रावर सही व्हायची होती, तेवढ्यात पडद्यावर पांढरे ठिपके उठले. आधी दोन-चार, मग अंगावर गोवर उठावा तसे. चिप गेली, आणि नवी चिप म्हणजे जवळजवळ नव्या मशीनचीच किंमत.

व्यवस्थापकांनी सगळ्यांना बोलावलं. दाजींनी मशीन उघडलं, बराच वेळ आत पाहिलं. मी त्यांच्याशेजारी विजेरी धरून उभा होतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

“पंखा तुंबलाय,” दाजी म्हणाले. “चिप भाजली. साफसफाईच नाही.”

“अहो, मी रोज पुसते,” ताई म्हणाली.

“रोज पुसतेस तर हे काय झालं? मध्ये बोलू नकोस.”

नवराच सांगतोय म्हटल्यावर पंखा बघायला कोण वाकतंय? ताईला त्याच आठवड्यात काढलं. दाजींचं काम शाबूत राहिलं. घरी परतताना ताई त्यांना म्हणाली, “माझ्यामुळे तुम्हाला खाली बघावं लागलं,” आणि या गृहस्थाने मोठ्या मनाने तिला माफ केलं! मला आजही त्यांचं नरडं धरावंसं वाटतं.

मग दाजींनी तिला आपल्या दुरुस्तीच्या दुकानात बसवलं, पंखे पुसायला. बिनपगारी.

परवा मी दुकानात गेलो होतो. एक गिऱ्हाईक ठिपके पडलेला प्रोजेक्टर घेऊन आलं. दाजींनी झाकण उघडलं आणि सुरू झाले. “ही काच कुठल्या शहाण्यानं काढली? चिप गार असून भागत नाही! उष्णतेची हद्द वेगळी, उजेडाची वेगळी. अतिनील किरणं लागली की बर्फात ठेवलेला आरसाही मरतो. मला विचारा. सभागृहाची चिप मी अशीच घालवली होती.”

गिऱ्हाईक हसलं. दाजीही हसले.

ताईच्या हातातला ब्रश थांबला. “मग माझा पंखा?”

“पंखा चकाचक होता गं,” दाजी मान वर न करता म्हणाले. “पण कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायलाच हवं होतं. परक्याचं नाव कसं घेणार? तू आपली घरची.”

आणि त्यांनी पुढचा पंखा तिच्याकडे सरकवला.