उन्हात वाळवलेली ढेप

परवा बोरी अरबच्या बाजारात सरकीच्या ढेपेचं पोतं उघडलं, कुबट वास नाकात गेला आणि काकूंची तांबडी गाय आठवली. कोठ्यात ती मान टाकून बसली होती. नाकपुडी कोरडी, रवंथ बंद. अंगणात जुन्या लुगड्यावर बुरशी आलेली ढेप वाळत घातली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी त्या ढेपेकडे बोट दाखवलं. "हेच चारून राह्यल्या का?" "झटकून, ऊन देऊनच देतो ना मी," काकू म्हणाल्या. "उन्हानं बुरशी मरते काकू, तिचं विष मरत नाही. ते लिवर खाते. त्याच्यावर नेमकं औषध नाही. ढेप बंद, हाच पयला इलाज." मग त्यांनी सलाईन लावलं, कोळशाची औषधी पूड पाण्यात कालवून पाजली. काका म्हणाले, "उरलेली बकऱ्यायले टाकू." काकूंनी फावडं उचललं. "बकऱ्यायनं तुमचं काय घोडं मारलं?" आणि सगळी ढेप खड्ड्यात पुरूनच थांबल्या. नंतर रोज सकाळी त्या गाईच्या नाकपुडीला हात लावून बघत. एका सकाळी हात ओला झाला, दुपारी गाय रवंथ करू लागली. काकूंना ती भिजलेली ढेप विकणाऱ्या दुकानदाराचं मात्र काहीच बिघडलं नाही, आणि तीच गोष्ट मला अजून सलते. म्हणून परवाचा दुकानदार जेव्हा म्हणाला, "एवढ्याशा वासाले काय भेता, ऊन दाखवा," तेव्हा मी ते उघडं पोतं ओढत त्याच्या दारात आणलं आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी त्याचा वास घ्यायला लावला.