सगळ्या नोंदींवर माझंच नाव

माझं तोंड फटकळ, हे गडबपासून रोह्यापर्यंत एसटीतल्या सगळ्यांना ठाऊक. आणि रोह्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला जोडीदार कोण मिळाली, तर पेणजवळच्या जोह्याची, दिवसाला मोजून चार शब्द बोलणारी मुलगी. तिच्या घरी गणपतीचा कारखाना. म्हणून आम्ही मूर्तींच्या ऑर्डरी नोंदवायचं ॲप करायला घेतलं.

सरांनी आधीच बजावलं होतं, "कोड ऑनलाइन रिपॉझिटरीत ठेवा, आणि ती प्रायव्हेट ठेवा. शेजारच्या टीमने ढापला तर दोघांनाही शून्य." कोणती ओळ कुणी, कधी लिहिली याची तिथे आपोआप नोंद राहते. पण लॅबमध्ये आमच्या वाट्याला एकच कॉम्प्युटर, त्यावर माझं लॉगिन कायम उघडं. ती सकाळच्या पहिल्या गाडीने येऊन त्यावरच कामाला बसायची.

"अगो, तुझं वेगळं अकाउंट काढ की," मी एकदा म्हटलं.

"कशाला? आमच्याकडं एक साचा भरतो, एक घासतो, मी डोळे आखते. मूर्ती जाते ती कारखान्याच्याच नावानं."

मला ते पटलं. पटलं कसलं डोंबलाचं, कंटाळा आला होता, दुसरं काय!

तोंडी परीक्षेला सरांनी नोंदी उघडल्या. वरपासून खालपर्यंत मीच. "शाबास!" सर मला म्हणाले. मग तिच्याकडे वळले, "आणि तुम्ही काय केलंत? नुसती हजेरी लावलीत?"

तिला धाटावच्या एका कंपनीत नोकरी लागली होती, पण पास झाली तरच. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

आणि मी? खोटं कशाला बोलू, ती शाबासकी मला गोड लागली. मी क्षणभर गप्प बसले. त्याची अजून लाज वाटते. मग एकदम ओरडलेच, "सर, निम्म्याहून जास्त काम तिचं हाय!"

"पुरावा?"

"तिलाच करायला सांगा की काहीतरी!"

सरांनी सांगितलं, ऑर्डर दिल्यावर गिऱ्हाइकाने मूर्तीची उंची बदलली तर ॲपने ते कसं धरायचं, आत्ता करून दाखवा. तिथल्या तिथे मी तिचं अकाउंट काढलं, तिला रिपॉझिटरीत घेतलं. ती बसली. मी मदतीला कीबोर्डकडे हात नेला, तर म्हणाली, "गप बस गो, हात लावू नको!" सर खो खो हसले. वीस मिनिटांत काम झालं आणि नोंदीत पहिल्यांदा तिचं नाव उमटलं.

ती पास झाली. माझे मात्र सरांनी पाच मार्क कापले, दुसरीचं काम आपल्या नावावर चढू दिल्याबद्दल. रोह्याच्या स्टँडवर मी थयथयाट केला, "खरं बोलले त्याचे मार्क कापतात व्हय!"

"नाय गो," ती शांतपणे म्हणाली, "आधी गप्प बसलीस ना, त्याचे."

तेवढ्यात पेणची गाडी लागली. ती गर्दीत घुसून आधी चढली आणि खिडकीशी माझ्यासाठी जागा धरून बसली.